घर एक, चुली किती?

जनगणनेच्या घरयादीत एक प्रश्न असतो: या कुटुंबात विवाहित जोडपी किती? दुसरा असतो: राहायच्या खोल्या किती? 2011 नंतर थेट 2027 ची जनगणना होते आहे, म्हणजे हे प्रश्न दीड दशकाच्या खंडानंतर दारात येत आहेत. बेळगावच्या वडगाव-शहापूरकडच्या एखाद्या विणकराच्या घरात त्यांची उत्तरं द्यायला सोपी नाहीत. पुढच्या खोलीत दोन माग. मधल्या खोलीत कपाट आडवं लावून केलेली थोरल्याची 'खोली', माळ्यावर धाकट्याची. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन शेगड्या, एक सासूची आणि एक थोरल्या सुनेची. तांदूळ एकाच पिंपातला, दूध मात्र दोन पिशव्या. "आमचं एकच घर," असं सासू सांगते आणि ती खोटं बोलत नाही. पण गणतीला आलेल्या मास्तरांनी एक कुटुंब लिहायचं की दोन?

कमावती, लग्न झालेली मुलं आईबापांजवळ राहतात ही आपल्याकडे इतकी सवयीची गोष्ट आहे की तिच्याबद्दल बोलताना लोक थेट संस्कारांवर येतात. संस्कार आहेतच. पण कोण कुणाबरोबर राहतं आणि कधी वेगळं होतं, हे ठरवण्यात रेशन कार्ड, विजेचा मीटर आणि जमिनीचा उतारा यांचा वाटा आपण समजतो त्याहून बराच मोठा आहे. युरोपातसुद्धा तेच आहे, फक्त कागद वेगळे.

चूल, कार्ड, मीटर, उतारा

जनगणनेच्या लेखी कुटुंब म्हणजे एरवी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. चूल हीच खूण. एका छपराखाली दोन चुली पेटत असतील तर कुटुंबं दोन. खेड्यात "वायली निघाली" म्हणतात, शेजारचे कन्नड भाषक "ब्यारे आग्यार" म्हणतात, आणि दोघांच्याही मनात चूलच असते. कामापायी जेवायला घरी नसणाऱ्याला सूट आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यात रात्रपाळीला डबा खाणारा मुलगा घरातच मोजला जातो. पुण्यात खोली करून राहणारा आणि जत्रेपुरता येणारा मुलगा मात्र पुण्यात.

रेशनचं माप वेगळं. तिथे कार्डावर नाव असलेली सगळी मिळून एक कुटुंब, मग चुली कितीही असोत. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री ही कार्डाची कुटुंबप्रमुख. विजेच्या खात्याला कुटुंब दिसतच नाही, त्याला दिसतो मीटर. आणि महसूल खात्याला दिसतो उतारा. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात तो आपल्याकडे कर्नाटकात आरटीसी किंवा पहाणी. आजोबांच्या नावावरचा उतारा तसाच राहिला असेल, तर चार चुली आणि चार कार्डं झालेली नातवंडंही तिथे एकत्रच असतात.

म्हणजे एकच घर एकाच दिवशी चुलीने दोन, कार्डाने एक, मीटरने एक आणि उताऱ्याने चुलत्यांसकट पाच घरांचं एक असू शकतं. भांडणं होतात ती बहुतेक या मापांची सरमिसळ झाल्यावर.

एकाच पद्धतीची घरं, दोन सरकारं

हे नीट बघायचं तर कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडावा. अलीकडे निपाणी, पलीकडे कागल. भाषा तीच, सोयरिकी एकमेकांत, घरात सासू-सुनेचं नातंही तेच.

कर्नाटकाची गृहलक्ष्मी योजना ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाली. महिन्याला 2000 रुपये, आणि ते कार्डावरच्या कुटुंबप्रमुख स्त्रीला. एका कार्डामागे एकच बाई. म्हणजे एकत्र घरात पैसे सासूच्या खात्यात. महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना 2024 ची. महिन्याला 1500 रुपये, वय 21 ते 65 मधल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात. कुटुंबातल्या किती जणींना मिळणार याला मर्यादा आहे, पण तिथे बाई कुटुंबप्रमुख असावी लागत नाही. कागलच्या सत्तर वर्षांच्या सासूला काही नाही, तिच्या तिशीतल्या सुनेला आहे. निपाणीत बरोबर उलटं. निपाणीची मुलगी कागलला दिली तर लग्नानंतर ती स्वतःच्या नावाने पात्र ठरू शकते. कागलची मुलगी निपाणीला आली तर तिला सासूपासून आपलं कार्ड वेगळं होईपर्यंत थांबावं लागतं.

आता निपाणीच्या घरात सून "आपलं कार्ड वेगळं करूया" म्हणाली, तर ती घर फोडायला निघाली असं म्हणणं अन्यायाचं आहे. कार्डामागे एकच रक्कम हा नियम सरकारचा आहे.

याच हिशेबाने बाकीचे फायदे तपासावेत. जे माणशी मिळतं ते कार्ड फोडल्याने वाढत नाही. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर केंद्राचं धान्य माणशी 5 किलो आहे, दोन कार्डं केली तरी बेरीज तीच. जे कार्डामागे आहे ते बदलतं. अंत्योदयला कार्डामागे 35 किलो, मग खाणारी तोंडं तीन असोत वा नऊ. जे मीटरमागे आहे त्याचं गणित आणखी निराळं. कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेत 2022-23 च्या सरासरी वापराच्या वर 10 टक्क्यांपर्यंत वीज मोफत, पण मर्यादा 200 युनिटची, आणि ती ओलांडली की पूर्ण बिल. दहा माणसांचं घर, दोन फ्रिज, उन्हाळ्यात चार पंखे रात्रभर. असं घर ती रेघ ओलांडतं, आणि पाच माणसांची दोन घरं ओलांडत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी लोकांना फार उशिरा कळते. बीपीएल कार्डाच्या अटी अख्ख्या कार्डाला लागतात. वर्षाचं उत्पन्न 1 लाख 20 हजारांच्या आत, पांढऱ्या पाटीची चारचाकी नको, आयकर भरणारा नको, सरकारी नोकर नको, कोरडवाहू जमीन तीन हेक्टरच्या आत. धाकट्याने कर्ज काढून गाडी घेतली की म्हाताऱ्या आईबापांसकट सगळ्यांचं कार्ड एपीएलमध्ये जाऊ शकतं. गृहलक्ष्मी एपीएललाही आहे, ती तेवढ्याने जात नाही. धान्य जातं.

"पण एकत्र राहणं ही आपली संस्कृतीच नाही का?"

आहे. पण तिचा मोठा आधार कायद्यात आहे, आणि तो कायदा आपल्याच राज्यात लिहिला गेला. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, अकराव्या शतकाच्या शेवटी आणि बाराव्याच्या सुरुवातीला, कल्याणी म्हणजे आजच्या बसवकल्याणात विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा हे भाष्य लिहिलं. तिचं मुख्य सूत्र असं की वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच सुरू होतो. बंगालमध्ये दायभाग ही दुसरी परंपरा चालली. तिथे बाप असेपर्यंत मुलाला हक्क नाही. जन्मापासूनच वाटेकरी असलेल्या मुलाने बापाजवळ राहणं ओघानेच येतं. तो कुणाच्या घरात आश्रयाला नसतो, स्वतःच्या हिश्श्यात राहत असतो.

त्यावर शेती आणि माग. चिकोडीकडचा ऊस, निपाणीचा तंबाखू, खानापूरचा भात, वडगावचा माग, यांतला कुठलाच धंदा एकट्याचा नाही. मागावर एकजण बसतो, पण कांड्या भरायला घरातली बाई, सूत आणायला मुलगा, साडी पोचवायला आणखी कोणी. वेगळं होणं म्हणजे मजूर गमावणं.

याच कर्नाटकात किनाऱ्याला, तुळुनाडूत, अळियसंतान पद्धत होती. वारसा बापाकडून मुलाला नव्हे, मामाकडून भाच्याला, आणि घर आईकडचं. खानापूरचा घाट उतरून गोव्यात गेलं की पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेची परंपरा: नवरा-बायकोची मालमत्ता एरवी सामाईक, आणि मुलांना इच्छापत्राने पुरतं डावलता येत नाही, निम्मी इस्टेट त्यांच्यासाठी राखीव. बेळगावपासून एका दिवसाच्या प्रवासात 'घरावर हक्क कुणाचा' याची तीन उत्तरं सापडतात. तेव्हा आपली संस्कृती म्हणताना 'आपली' म्हणजे कुठली, हे विचारायला हरकत नाही.

"मग युरोपातली मुलं आईबापांना टाकून जातात ना?"

सगळीकडे एकसारखी जात नाहीत. युरोपीय महासंघाच्या 2023 च्या आकड्यांप्रमाणे मुलांनी घर सोडण्याचं सरासरी वय 26 च्या थोडं पुढे आहे. पण फिनलंडमध्ये ते 21 च्या आसपास आणि क्रोएशियात जवळजवळ 32. स्पेन, ग्रीस, इटली तिशीच्या घरात.

उत्तरेकडे घर सोडणं जुनं आहे. कित्येक शतकं तिथली शेतकऱ्यांची पोरं पंधरा-सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहायची आणि पैसे साठल्यावर स्वतःचा संसार मांडायची. आज त्या साठवलेल्या पैशाच्या जागी सरकारचा पैसा आहे. डेन्मार्कमध्ये शिकणाऱ्या मुलाला सरकार विद्यावेतन देतं, आणि आईबापांजवळ राहणाऱ्याला ते कमी देतं. जर्मनीत पंचविशीच्या आतलं मूल आईबापांबरोबर राहत असेल, तर निर्वाह भत्त्यासाठी दोघांचा हिशेब एकत्रच धरतात. आपल्या कार्डाचं आणि मीटरचं गणित आठवा. सरकार ज्याला एक घर धरतं त्याप्रमाणे माणसं आपली घरं आखतात, मग ते डेन्मार्कचं आर्हुस असो वा आपली अथणी.

दक्षिण युरोपात कायम नोकरी उशिरा लागते, भाडं परवडत नाही आणि आईबापांचं घर स्वतःच्या मालकीचं असतं. मग मुलं थांबतात. अमेरिकेत 2020 च्या जुलैत, कोविडच्या ऐन भरात, 18 ते 29 वयाचे 52 टक्के तरुण आईबापांजवळ राहत होते. त्यांची संस्कृती काही सहा महिन्यांत बदलली नव्हती. नोकऱ्या गेल्या आणि कॉलेजं बंद झाली.

खरा फरक दुसरीकडे आहे. इटलीत आईबापांजवळ राहणारा तिशीतला मुलगा बहुधा अविवाहित असतो. लग्न ठरलं की तो बाहेर पडतो. बेळगावात लग्नाने मुलगा बाहेर पडत नाही, घरात आणखी एक माणूस येतं. 'मोठी मुलं आईबापांजवळ' असं आपण म्हणतो तेव्हा मनात फक्त मुलगे असतात. मुलगी घर सोडतेच, आणि जाते ती दुसऱ्या कुणाच्या तरी आईबापांजवळ राहायला. मुलीच्या घरी जावई राहिला तर त्याला घरजावई म्हणतात, कन्नडमध्ये मने अळिया, आणि दोन्ही भाषांत शब्द उच्चारताना सूर सारखाच खाली येतो. आपल्या पद्धतीचं सगळ्यांत जड ओझं कुणी उचललं असेल, तर या दुसऱ्याच्या घरी राहायला गेलेल्या मुलीने.

"एकत्र राहायचं तर पैशाचा हिशेब कशाला?"

हिशेब नसतो म्हणूनच चुली वेगळ्या होतात. त्यालाही क्रम असतो. आधी चहा वेगळा होतो, कारण कामाच्या वेळा वेगळ्या असतात. मग दूध. मग लहान मुलांसाठी म्हणून अंडी, बिस्किटं, फळं आपापल्या खोलीतल्या कपाटात. त्यानंतर भाजी. भाकरी सर्वांत शेवटी. दूध वेगळं झालं त्या महिन्यातच बसून बोललं तर पुढचं पुष्कळदा टळतं. भाजीपर्यंत गेल्यावर बोलणं अवघड होतं.

सरसकट 'प्रत्येकाने पाच हजार द्यायचे' हा ठराव टिकत नाही, कारण कमी कमावणारा त्यात पिचतो. कमाईच्या प्रमाणात काढावं. समजा वडिलांची मिळकत 10 हजार, थोरल्याची 20 हजार आणि धाकट्या सुनेची 15 हजार. एकूण 45 हजार. सामाईक खर्च 18 हजार, म्हणजे एकूण मिळकतीच्या 40 टक्के. मग प्रत्येकाने आपल्या मिळकतीचे 40 टक्के द्यायचे: 4 हजार, 8 हजार, 6 हजार. सामाईक काय ते वहीत लिहून काढावं: धान्य, गॅस, वीज, घरपट्टी, आईवडिलांची औषधं, सण आणि पाहुण्यांचे आहेर. मोबाइल, गाडीचा हप्ता, मुलांची फी ज्याची त्याने. आहेराची रक्कम आधी ठरवली नाही तर लग्नसराईत हा सगळा हिशेब कोसळतो.

जी सून पगार आणत नाही पण दोन्ही वेळचा स्वयंपाक करते, तिची वर्गणी भरून पावली आहे असं त्याच वहीत लिहावं. लिहिलेलं दिसलं की बोलण्याचा रंग बदलतो.

"कार्ड वेगळं केलं म्हणजे वाटणी झाली का?"

नाही. रेशन कार्ड, गॅस किंवा मीटर वेगळा झाल्याने जमिनीत कुणाचा हिस्सा तयार होत नाही आणि कुणाचा जातही नाही. वाटणी पक्की होते ती नोंदणी केलेल्या वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने. तोंडी वाटप पंचांसमोर झालं तरी पुढच्या पिढीत ते सिद्ध करताना दमछाक होते.

शेतजमिनीचा क्रम असा: आधी वंशावळ, मग सर्व्हेअरकडून मोजणी करून हिश्श्यांच्या हद्दी दाखवणारा 11ई नकाशा, मग सब-रजिस्ट्रारकडे वाटणीपत्राची नोंदणी, आणि शेवटी उताऱ्यावर फेरफार. लोक तिसऱ्या पायरीवर थांबतात. कागद झाला म्हणून निवांत होतात, आणि उताऱ्यावर जुनंच नाव राहतं. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचे ई-स्वत्तूचे, म्हणजे ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे, नमुने लागतात.

चुकतं कुठे? पहिलं, बहिणीला वगळतात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः वाटेकरी आहे, लग्न झालेलं असो वा नसो. ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, बाप हयात असण्याची अटही लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. तिला वगळून केलेला कागद ती दहा वर्षांनीही मोडू शकते. दुसरं, आईचा हिस्सा. बेळगाव पूर्वी मुंबई इलाख्यात होतं आणि इथे मुंबई परंपरेचा मिताक्षरा चालतो. बाप आणि मुलांत वाटप झालं तर आईलाही मुलाइतका हिस्सा. तिसरं, विहीर, बोअर, मोटर, पाइपलाइन, बैलगाडीची वाट आणि बांधावरची झाडं. जमीन गुंठ्याने नीट वाटतात आणि पाण्याची पाळी लिहायची विसरतात. मग उभ्या उसात भांडण.

"सुनेचा घरावर हक्क काय?"

मालकीचा नाही, राहण्याचा आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सून ज्या सामाईक घरात राहत होती तिथून तिला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढता येत नाही, घर सासूच्या नावावर असलं तरी. ज्येष्ठ नागरिक कायद्याचा अर्ज करून सुनेला बाहेर काढण्याचं एक प्रकरण बंगळूरहून सुप्रीम कोर्टात गेलं. डिसेंबर 2020 मध्ये कोर्टाने सांगितलं की एका कायद्याने दुसरा गिळता येत नाही, दोन्ही हक्क तोलावे लागतात.

मोठ्या मुलाचं मात्र उलट आहे. घर आईबापांनी स्वकष्टाने घेतलं असेल, तर सज्ञान मुलगा तिथे त्यांच्या मर्जीने राहतो. स्वकष्टार्जित घरावर त्याचा जन्मतः हक्क नाही.

"म्हातारपणी घर मुलाच्या नावावर करावं का?"

हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि सर्वांत घाईने सोडवला जातो. कुटुंबातल्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क विक्रीच्या मानाने फारच कमी, मुलगा जवळच राहतो, "आज ना उद्या त्याचंच आहे" असं सगळे म्हणतात. बक्षीसपत्र नोंदलं त्या दिवशी घर मुलाचं होतं. मृत्युपत्राचं तसं नाही. ते जिवंतपणी कितीही वेळा बदलता येतं आणि तोवर मालक आईबापच. ज्यांना नक्की ठरवता येत नाही त्यांनी मृत्युपत्रच करावं.

तरीही बक्षीसपत्र करायचं असेल, तर 2007 चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा समजून घ्यावा. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना, वय साठच्या आत असलं तरी, मुलाकडून किंवा मुलीकडून निर्वाह मागता येतो, केंद्राच्या कायद्यात महिन्याला 10 हजारांपर्यंत. अर्ज उपविभागाच्या असिस्टंट कमिशनरांकडे. जिल्ह्यात बेळगाव, चिकोडी आणि बैलहोंगल असे उपविभाग आहेत. अर्ज स्वतः लिहून देता येतो. निकालाची मुदत 90 दिवस, अपवादाने आणखी 30. या कायद्याचं कलम 23 सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. पण अट कुठे आहे, हे दाखवावं लागतं. डिसेंबर 2022 च्या निकालात अशी अट दाखवता आली नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने आईची बाजू नाकारली. जानेवारी 2025 मध्ये कोर्ट अधिक उदार झालं, पण त्या प्रकरणात मुलाने सांभाळण्याचं लेखी दिलेलं होतं.

म्हणून अट कागदातच यावी, आणि 'प्रेमापोटी देत आहे' एवढ्यावर भागवू नये. तयार मसुद्यांत तेवढंच छापलेलं असतं. काय काय लिहायचं: या घरात राहायला जागा, दोन वेळचं जेवण, औषधपाणी, आणि आईवडिलांपैकी एकजण मागे राहिलं तरी हे सगळं त्या एकट्या माणसालाही लागू. हे शेवटचं कलम बहुतेक कागदांत नसतं, आणि वडील गेल्यावर आईला त्याचीच गरज पडते.

बेळगावात हा कागद कन्नडमध्ये होतो. मराठी शाळेत शिकलेल्या सत्तरीतल्या आईला तो वाचता येत नाही, आणि नोंदणीच्या दिवशी रांग मोठी असते. मसुदा दोन दिवस आधी घरी आणावा. ज्याला त्या घरात हिस्सा मिळणार नाही अशा, कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून तो आईला मराठीत एकेक ओळ मोठ्याने वाचून घ्यावा. मुलगी हजर असावी. आईने मध्येच थांबवून "हे परत सांग" म्हटलं तर ती ओळ दोघांनाही कळेपर्यंत पुढे जाऊ नये, आणि अंगठा त्यानंतरच.